अर्ध्या डावाचा पट

मित्रांनो, चौसष्ट घरांचा धनी असूनही मला राहायला स्वतःचं घर कधी मिळालं नाही. मी बुद्धिबळाचा एक जुना पट आहे. माझी गोरी घरं आता हळद लागल्यासारखी पिवळट पडली आहेत, काळी घरं विटली आहेत आणि एका कोपऱ्याला उंदराने दात लावले आहेत. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे हसण्यासारखं फार नाही.

माझा जन्म खंडाळ्याचा. तिथल्या एका बंगल्याच्या मालकाने जुनी सागवानी दारं काढून नवी बसवली, तेव्हा रखमाजी सुताराने एक फळी बाजूला ठेवली. काळ्या घरांसाठी त्याने मोडक्या पलंगाचं शिसव वापरलं. रखमाजीला खेळ येत नव्हता, पण हात असा होता की दोन घरांच्या सांध्यात नख शिरत नसे. मी मूळचा दाराचा, म्हणूनच असेल, कोण आलं आणि कोण गेलं याच्यावर माझं लक्ष फार.

रखमाजीने मला लोणावळ्याच्या रेल्वे इन्स्टिट्यूटला विकलं. घाट चढताना गाड्यांना मागून जादा इंजिन लावतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्या इंजिनांवरची माणसं ड्युटीची वाट बघत माझ्यावर डाव मांडायची. काय दिवस होते ते! गाडीची वेळ झाली तरी लोक उठायचे नाहीत. एकदा तर वजीर हातात घेऊनच एक ड्रायव्हर इंजिनावर चढला होता, तो वजीर दुसऱ्या दिवशी घाटाखालून परत आला. मग कॅरम आला, टीव्ही आला, आणि शेवटी प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला. माझी रवानगी पाण्याच्या जारखाली झाली. आठ वर्षं मी त्या जारखाली भिजलो. ज्याच्यावर राजे मेले त्याच्यावर पाणी ठिबकत होतं, आणि एकालाही त्याचं काही वाटत नव्हतं.

तिथून मला बाहेर काढलं विठ्ठल सरांनी. तेव्हा ते सर नव्हते, इंजिनावरचे असिस्टंट होते. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी शाल घेतली, नारळ घेतला आणि साहेबांसमोरच जार उचलून मला ओढून काढलं. "हा पण देऊन टाका," म्हणाले. साहेब हसले. त्यांना वाटलं, म्हातारा चळला.

म्हातारा मुळीच चळला नव्हता. चाळीस वर्षं घाटात जागून त्यांची झोप उडाली होती, तेव्हा त्यांना तीन गोष्टींनी तारलं: ध्यान, बुद्धिबळ आणि पेटी. या तिन्ही गोष्टी पोरांना द्यायच्या असं त्यांनी ठरवलं. कागदावर त्याचं नाव 'किशोर मनःस्वास्थ्य कार्यशाळा' असं भारदस्त होतं. पोरं त्याला 'डोळेमिटीचा तास' म्हणायची. तिकोणा गडाच्या पायथ्याच्या एका शाळेत दर शनिवारी हा तास भरू लागला, जुन्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या टेबलावर मला ठेवून.

आधी दहा मिनिटं ध्यान. मग जोड्या लावून बुद्धिबळ, तेही न बोलता. बाकीच्यांना प्लॅस्टिकचे गुंडाळायचे पट मिळायचे, मी मात्र सगळ्यांत चांगल्या जोडीला. शेवटी गाणं. गाणं म्हणजे सरांनी सात मुलांना सात सूर वाटून दिले होते. प्रत्येकाने आपलाच सूर लावायचा, दुसऱ्याचा नाही. सात जणांनी ओळीने सूर लावले की सगळी खोली चढत जायची.

आणि सरांचा एक नियम होता. डाव अर्धा राहिला तर मोडायचा नाही. सोंगट्या जिथल्या तिथे ठेवायच्या, आठवडाभर मनात खेळायचं आणि पुढच्या शनिवारी तिथूनच सुरू करायचं. "मनाला धीर शिकवायचा आहे," सर म्हणायचे, "धीर म्हणजे अर्ध्या डावासोबत आठ दिवस राहणं." नियम चांगला होता, पण पोरांच्या पोटात कुठला एवढा धीर!

माझ्यावर खेळणारी जोडी म्हणजे सत्यम आणि रुमाईसा. दोघंही दहावीत. सत्यमची आई सविता त्याच शाळेत साफसफाई करायची, खोल्यांच्या चाव्या शाळा भरली की ऑफिसात आणि सुट्टीच्या दिवशी तिच्याकडे असत. रुमाईसाच्या वडिलांचं, अजीमभाईंचं, फाट्यावर दुकान होतं. धरणाकाठी तंबूत राहायला येणारे पर्यटक तिथून पाणी, मॅगी आणि शेकोटीची लाकडं न्यायचे. रुमाईसा हिशेबी खेळायची, प्यादी मुंगीच्या पावलाने पुढे सरकवायची. सत्यमला घोड्याचं वेड. दुसऱ्या सोंगट्या त्याला जड जायच्या, घोडा मात्र त्याच्या हातात नाचायचा. गाण्यात तिचा सूर ग आणि त्याचा म, म्हणजे तिथेही दोघं शेजारी.

गणपती उठून आठ दिवस झाले होते. त्या शनिवारी दोघांचा डाव अर्धा राहिला. पांढऱ्या सोंगट्या सत्यमच्या, चालही त्याची. पण काळ्यांचा जोर होता आणि रुमाईसाच्या डोळ्यांत ते मावत नव्हतं. सरांची पाठ वळल्यावर ती हळूच म्हणाली, "सत्या, आठ दिवस कोण थांबणार? उद्या दहाला ये. मावशींकडून चावी आण, संपवून टाकू. सरांना नको सांगू."

सत्यम म्हणाला, "येतो. पर हरलीस तर रडायचं न्हाई."

रविवारी दहाला सत्यम आला. चावी फिरवली, खिडकी उघडली, माझ्यासमोर बसला. साडेदहा झाले. तो उठून दारापर्यंत गेला, परत आला. अकरा वाजले. त्याने माझ्या कडेवर बोटांनी ताल धरला. मग अचानक बोटं थांबली. तो पुढे वाकला, बराच वेळ घोड्याकडे बघत राहिला आणि त्याने चाल केली. अडीच घरं. "आता बघ म्हणावं," असं स्वतःशीच बोलला, खुदकन हसला आणि कुलूप लावून गेला. मी त्याला पाहिलं ते तेवढंच.

रुमाईसा आली नव्हती. तळेगावहून तिची खाला आली होती, दुकानात पर्यटकांची झुंबड होती, अब्बांनी तिला गल्ल्यावर बसवलं होतं. संध्याकाळी गावभर बातमी झाली. सविताचा सत्यम धरणाच्या पाण्यात गेला. गाळात पाय रुतला. दिवस मावळताना त्याला बाहेर काढला.

मित्रांनो, सोमवारी शाळा बंद राहिली. मंगळवारी मधल्या सुट्टीत रुमाईसाने ऑफिसातून चावी मागून घेतली आणि ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिला शनिवारचा डाव पाठ होता. तिने पाहिलं, पांढरा घोडा जागेवर नव्हता.

त्याचा एकच सरळ अर्थ होता: सत्यम रविवारी आला होता, तिची वाट बघून गेला होता आणि मग पाण्यावर गेला होता. हा अर्थ तिच्याने पेलवला नाही. त्यापेक्षा भूत परवडलं. गेलेला पोरगा येऊन खेळतोय हे तिला मानता आलं, जिवंत पोरगा वाट बघून गेला हे मानता आलं नाही. ती कुजबुजली, "सत्या, तू आहेस का?" आणि तिने एक काळं प्यादं पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सविता झाडायला आली. पोराला जाऊन चौथा दिवस, लोकांनी घरी बस म्हटलं तरी ती कामावर आली होती, कारण घरात त्याचे कपडे दांडीवर होते. ती माझ्यासमोर थांबली. पोराचा शेवटचा डाव म्हणून तिनेही तो आदल्या दिवशी डोळे भरून बघितला होता. आज त्यातलं एक काळं प्यादं सरकलं होतं. खोलीला कुलूप आणि चावी ऑफिसात. सविताने झाडू खाली ठेवला.

"सत्या, खेळतुयास व्हय रं?" ती म्हणाली.

तिला खेळ येत नव्हता. फक्त एक गोष्ट येत होती. ती भाकरी थापत असताना सत्यमने एकदा परातीतल्या पिठावर बोटाने घरं आखून तिला दाखवलं होतं: आये, घोडा असा जातो, दोन घरं सरळ आणि अर्धं वाकडं. तिने पदराने हात पुसले, पांढरा घोडा उचलला, ओठांत मोजलं आणि अडीच घरांवर ठेवला.

अशी सुरुवात झाली. सकाळी आई यायची, दुपारी मैत्रीण यायची. एक घोडा हलवायची, दुसरी प्यादं, आणि प्यादी अडली की दुसरी एखादी सोंगटी. दोघी एकाच पोराशी बोलायच्या. सविता त्याला विचारायची, "जेवलास का?" रुमाईसा त्याला विचारायची, "रागावलायस का?" आणि उत्तर म्हणून प्रत्येकीला दुसरीची चाल मिळायची. घोडाच हलतोय म्हटल्यावर रुमाईसाची खात्रीच पटली, कारण एवढं घोड्याचं वेड सत्यमशिवाय कुणाला असणार? तो घोडा तीनदा तिच्या तावडीत आला, सहज मारता आला असता. तिने मारला नाही. घोडा मेला की सत्यमही गेला, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

मी सगळं बघत होतो. मला माहीत होतं, भूतबीत काही नाही. एकीच्या हाताला फिनेलचा वास, दुसरीच्या हाताला शाईचा डाग. तरीसुद्धा खरं सांगतो, सकाळी कुलपात चावी फिरली की माझ्या सांध्यांत काहीतरी हलायचं. वाटायचं, आज तोच असेल.

शनिवारचा तास उदास झाला. सूर लावताना सा, रे, ग व्हायचं आणि मग गप्प. म कुणीच लावायचा नाही. सरांनीही तो सूर दुसऱ्याला दिला नाही, पेटीवरसुद्धा वाजवला नाही. एका श्वासाएवढी जागा रिकामी जायची आणि मग प. त्या रिकाम्या जागेत रुमाईसा डोळे उघडून माझ्याकडे बघायची. हळूहळू बाकीच्या मुलांनीही पाहिलं की खिडकीजवळच्या डावातल्या सोंगट्या सरकतात. झालं, कर्णोपकर्णी गावभर. कुणी म्हणालं खोली झपाटलेली आहे, कुणी लिंबू टाकून गेलं. मुलांनी शनिवारी दांड्या मारायला सुरुवात केली.

रुमाईसाचं तर पार बिनसलं. सहामाहीत ती गणितात नापास झाली. डबा तसाच घरी न्यायची. सरांनी विचारलं, "बेटा, मनात काय आहे?" तर म्हणाली, "काही नाही सर, श्वास मोजतेय." पोरगी वाळत चालली होती आणि तिला वाळवणारा मीच होतो. माझ्यावरचा डाव संपत नव्हता म्हणून ती त्यातून सुटत नव्हती. आगीत टाकलं असतं तरी मी तक्रार केली नसती.

शेवटी मुख्याध्यापकांनी निकाल लावला. तास बंद, खोली रिकामी करायची, पट सरांना परत. शुक्रवारी मधल्या सुट्टीनंतर सामान हलवायचं ठरलं आणि हलवायचं काम अर्थातच सविताकडे आलं.

रुमाईसाला ते कळलं. त्या सुट्टीत ती धावतच आली. शेवटची चाल करायला तिने प्यादं उचललं आणि तेवढ्यात दार उघडलं.

दारात सविता उभी होती, हातात रिकामं खोकं. ती मुलीच्या हातातल्या प्याद्याकडे बघत राहिली.

"तू हलवतीस व्हय?"

रुमाईसाने प्यादं पाठीमागे लपवलं.

"म्हंजी... सत्या न्हाई? तू हुतीस?"

"मावशी, घोडा... घोडा तुम्ही हलवत होता?"

खोकं सविताच्या हातून पडलं. ती भिंतीला टेकून खाली बसली. मित्रांनो, पोराला अखेरचं पोचवताना मी सविताला पाहिलं नव्हतं, पण दुसऱ्यांदा पोर गमावणारी आई मी त्या दिवशी पाहिली. ती ओरडली नाही, रडली नाही. जमिनीकडे बघत एवढंच म्हणाली, "मला वाटलं, लेकरू येतंया."

रुमाईसा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. इतक्या दिवसांचं साचलेलं तिच्या तोंडून एकदम बाहेर पडलं. "मावशी, मी त्याला बोलावलं होतं. त्या रविवारी. दहाला ये म्हटलं आणि मीच आले नाही. तो वाट बघून पाण्यावर गेला. मी आले असते तर तो गेला नसता. माझ्यामुळे झालं, मावशी."

सविताने मान वर केली. तिला हे ठाऊक नव्हतं. आता ही बाई पोरीच्या कानशिलात दोन देईल, असं मला वाटलं. तिने तसं केलं नाही. तिने पोरीचा हात धरला.

"न्हाई गं बाय. तो पाण्यावर न्हाई गेला. घरला आला. चावी खिळ्याला लावली. हसत हुता. म्हनला, आये, तिची अशी पंचाईत करून आलोय, सोमवारी तिचं तोंड बघायचंय. दोन भाकरी खाल्ल्या, झोपला वाईच." तिने पोरीचा हात सोडला. "चार वाजता मीच उठीवला. म्हस धुऊन आन म्हनलं. तो म्हनला, उंद्या. मी म्हनलं, आत्ता. म्या धाडला त्येला, बाय. तू न्हाई. हे म्या त्याच्या बापालाबी सांगितलं न्हाई."

हे मलाही ठाऊक नव्हतं. तो माझ्यापासून उठून थेट मरणाकडे चालत गेला, असंच इतके दिवस मी धरून बसलो होतो.

"तुमची चूक नाही मावशी," असं रुमाईसा म्हणाली नाही. दहावीतली पोर, पण तिला कळलं असावं की ते बोलून काही हलकं होणार नाही. ती उठली, मला दोन्ही हातांनी उचललं आणि सविताच्या पुढ्यात जमिनीवर ठेवलं. मग आपल्या सगळ्या चाली मागे घेतल्या, सविताचा घोडा मागे नेला आणि डाव त्या रविवारच्या अकरा वाजता आणून उभा केला.

"मावशी, हे बघा. ही चाल तुमची नाही, माझी नाही. ही त्याची." ती आता पहिल्यांदाच भुताची चाल म्हणून नव्हे, डावातली चाल म्हणून घोड्याकडे बघत होती. बघता बघता तिचे डोळे मोठे झाले. "अगं बाई. पुढच्या चालीला इथं उडी मारली की माझा राजा आणि वजीर, दोघंही एकदम धरले जातात. एकाला वाचवलं की दुसरा गेलाच. मला वाटत होतं मी जिंकतेय. मावशी, तो जिंकत होता."

"सत्या?"

"हो. आणि त्याला कळलं होतं. म्हणून हसत आला घरी."

सविता पुढे सरकली. "मंग आता चाल कुनाची?"

"माझी."

"कर की मंग. त्येला ताटकळत नगं ठेवू."

रुमाईसाने खूप विचार केला. दया म्हणून नाही, खरोखर वाचायचा विचार केला. वजीर कुठेही हलवला तरी घोड्याला दुसरी उडी होती, सुटका नव्हती. तिने एक प्यादं पुढे केलं. मग सविताने पांढरा घोडा उचलला. रुमाईसाने घर दाखवलं, सविताने ओठांत मोजलं, दोन सरळ, अर्धं वाकडं, आणि घोडा ठेवला.

"शह म्हणायचं, मावशी."

"शह," सविता म्हणाली आणि मग तिला हुंदका फुटला. पोर गेल्यापासून ती रडलीच नव्हती. रुमाईसाने आपला काळा राजा हलकेच आडवा केला. "हरले," ती म्हणाली, आणि सत्यमने बजावलं होतं तरी तीही रडली.

विठ्ठल सर मला न्यायला आले तेव्हा दोघी तशाच बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुख्याध्यापकांना सांगितलं, चूक माझीच आहे. अर्ध्या डावासोबत राहायला मी पोरांना शिकवलं, पण ते असह्य झालं तर कुणाकडे यायचं हे शिकवायचं राहून गेलं. तास पुन्हा सुरू झाला. आता ध्यानानंतर सर पेटी उघडण्याआधी विचारतात, "कुणाला काही बोलायचं आहे?" पहिले दोन महिने कुणीच बोललं नाही. आता बोलतात. सविता शनिवारी दाराशी येऊन बसते. तिला हत्ती आणि उंटही येऊ लागलेत, पण उंटाने सरळ जायला काय हरकत आहे हे तिला अजून पटलेलं नाही. म च्या जागी सगळे अजूनही श्वासभर थांबतात. ते थांबू देत.

मित्रांनो, मला ऊन दाखवा, पाण्यापासून जपा, उंदरांपासून वाचवा, हे मी मागणार नाही. मी लाकूड आहे, माझं चाललंय ते ठीक आहे. तुमच्याकडे एकच मागणं आहे. त्या पहिल्याच मंगळवारी मला रुमाईसाला सांगायचं होतं की तो आला होता आणि चिडला नव्हता. सविताला सांगायचं होतं की ती एकटी येत नाही, तिच्यामागून अजून एक जण येऊन रडून जातं. दोघींच्या मध्ये मी सत्तर दिवस पडून होतो आणि एवढं ठाऊक असून मला एक शब्द काढता आला नाही. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.